गाडी घेताना पहिला प्रश्न : चालवणार कोण?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. चिपळूणजवळच्या आमच्या गावी रात्री अडीचच्या सुमाराला अम्मींना अचानक धाप लागली. घरात अम्मी, भाभी आणि भाभीची दोन मुलं. भाई कुवेतला. अंगणात पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी होती, किल्ली खुंटीला होती आणि भाभीच्या कपाटात गाडी चालवण्याचा परवानाही होता. तरी भाभीनं किल्लीला हात लावला नाही. तिनं वरच्या आळीतल्या रिक्षावाल्याला फोन केला. तो उठला, कपडे घातले, पावसात खाली आला. अम्मींना दवाखान्यात पोचवायला सव्वा तास लागला. एरवी तो रस्ता पंचवीस मिनिटांचा आहे.

अल्लाहच्या मेहरबानीनं अम्मी तिसऱ्या दिवशी घरी आल्या. पण भाभी आठवडाभर गप्प होती. शेवटी एकदा फोनवर मला म्हणाली, “गाडी दारात असून मी रिक्षाची वाट बघत बसले. तो चढ आठवला आणि हातपायच गळाले.”

तो चढ म्हणजे आमच्या मोहल्ल्यातून डांबरी रस्त्याला लागतानाचा. जेमतेम पन्नास पावलांचा, पण उभा. वर पोचलं की थांबून दोन्हीकडची वाहनं बघावी लागतात आणि मग पुन्हा चढावरच गाडी उचलावी लागते. चार वर्षांपूर्वी, परवाना नवा असताना, तिथंच भाभीचा क्लच लवकर सुटला. गाडी बंद पडली आणि मागे घसरत चिऱ्याच्या गडग्याला टेकली. लागलं कुणालाच नाही, मागचा बंपर तेवढा चेपला. पण दुकानासमोर बसलेले चार जण हसले आणि त्या दिवसापासून परवाना कपाटात गेला.

अम्मी घरी आल्यावर भाईनं फोनवर जाहीर केलं, “ही गाडी विका. ऑटोमॅटिक घ्या. इथं कुवेतला सगळे तीच चालवतात.” मामू तिथंच बसले होते. त्यांनी तीस वर्षं कराड-चिपळूण ट्रक चालवलाय. ते म्हणाले, “कुवेतला घाट आहे का? ऑटोमॅटिक म्हणजे खेळणं. कुंभार्ली चढताना कळेल.” दोघंही आपापल्या रस्त्यापुरते खरं बोलत होते. मी पुण्यात नऊ वर्षं मॅन्युअल गाडी चालवते, म्हणून चौकशीचं काम माझ्याकडे आलं. दोन महिने शोरूम, गॅरेज आणि ओळखीचे गाडीवाले पालथे घातल्यावर जे कळलं ते इथं मांडते. हा प्रश्न आज बऱ्याच घरांत आहे.

गिअर लागतो तरी कशाला?

इंजिनाला ठरावीक वेगातच नीट ओढता येतं. उभी गाडी हलवायला किंवा चढ चढायला जोर जास्त लागतो आणि वेग कमी. सपाट हमरस्त्यावर उलटं असतं. गिअर म्हणजे जोर आणि वेग यांची अदलाबदल. पहिल्या गिअरमध्ये जोर जास्त, पाचव्यात वेग जास्त. गिअर बदलताना इंजिन आणि चाकं यांची क्षणभर ताटातूट करावी लागते. ते काम क्लच करतो.

मॅन्युअल गाडीत ही ताटातूट डाव्या पायानं आणि गिअर बदलणं डाव्या हातानं होतं. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचा पेडल नसतोच. उजव्या पायाला अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक, एवढंच. पण “ऑटोमॅटिक” या एका शब्दाखाली शोरूममध्ये निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि तिथंच गिऱ्हाईक फसतं.

एकच नाव, चार प्रकार

लहान गाड्यांत सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे एएमटी. मारुती सुझुकीनं फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओ आणली, तेव्हा हा प्रकार आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. मारुती त्याला एजीएस म्हणते. पुढे ऑल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट, टियागो, क्विड, सँट्रो अशा कितीतरी गाड्यांत तो आला. एएमटी समजून घेण्याची किल्ली एकच : आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि मॅन्युअलचीच क्लच प्लेट असते. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर बदलणारा हात यांच्या जागी यंत्र बसवलेलं असतं. म्हणून तो स्वस्त, म्हणून अ‍ॅव्हरेज चांगला आणि म्हणूनच गिअर बदलताना गाडी क्षणभर थबकते, मान किंचित पुढे जाते. त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला की हा हिसका बराच कमी होतो.

दुसरा प्रकार सीव्हीटी. यात दातांचे गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा असतो, पुलींचा घेर कमीजास्त होत राहतो. हिसका अजिबात नाही. होंडा अमेझ, निसान मॅग्नाइट या गाड्यांत हा मिळतो. जोरात पाय दिला की आधी इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग मागून येतो. ते काहींना रुचत नाही, पण शहरातल्या गर्दीत याच्याइतकं आरामाचं काही नाही.

तिसरा टॉर्क कन्व्हर्टर. यात क्लच प्लेटऐवजी तेलामार्फत जोर चाकांकडे जातो. जुना, दणकट प्रकार. ब्रेझासारख्या जरा वरच्या गाडीत मिळतो. चौथा डीसीटी. यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा आणि एक सम गिअरांचा, त्यामुळे गिअर झटकन बदलतो. टर्बो इंजिनाच्या आय-२० मध्ये किंवा अल्ट्रोझमध्ये तो आहे. चालवायला छान, पण किमतीला आणि दुरुस्तीला महाग.

विजेवरच्या गाडीत बदलायचा गिअर नसतोच, त्यामुळे टियागो ईव्हीसारखी गाडी चालवायला ऑटोमॅटिकसारखीच असते. घरी चार्जिंगची सोय असेल आणि रोजचं जाणं-येणं ठरावीक असेल, तर तिचाही विचार करावा. आणि सीएनजी हवा असेल तर हे लक्षात ठेवा : सीएनजीच्या बहुतेक लहान गाड्या मॅन्युअलच आहेत. टाटानं फेब्रुवारी २०२४ मध्ये टियागो आणि टिगोर सीएनजी एएमटीसह आणल्या, पण अजून निवड मोठी नाही.

म्हणून शोरूममध्ये पाऊल टाकताच विचारायचं, “ऑटोमॅटिक म्हणजे कुठलं? एएमटी, सीव्हीटी की आणखी काही?” पुढचा सगळा हिशेब या उत्तरावर अवलंबून आहे.

पैशांचा हिशेब

आमच्या घरात व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, हा अब्बांच्या वेळचा नियम. गाडी घ्यायची म्हणजे रोख. जुन्या गाडीचे आलेले, भाईनं साठवलेले आणि भाभीच्या भिशीचे. अशा घरात पन्नास हजार म्हणजे हप्त्यात विरून जाणारी रक्कम नसते. कुणाच्या तरी फीमधून नाहीतर छपराच्या दुरुस्तीतून ती काढावी लागते.

एकाच गाडीच्या मॅन्युअल आणि एएमटी मॉडेलमध्ये साधारण ४५ ते ६० हजारांचा फरक पडतो. त्या फरकावर रस्ता कर आणि विमाही वाढतो. म्हणजे शोरूमच्या किमतीत ५० हजारांचा फरक दिसला, तर गाडी रस्त्यावर येईपर्यंत तो ५५-५७ हजारांवर जातो. सीव्हीटी किंवा डीसीटी घ्यायची तर लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात.

“ऑटोमॅटिक पेट्रोल पिते” हे जुनं बोलणं एएमटीला लागू होत नाही. पुण्यातल्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीत वॅगन-आरच्या एक लिटर इंजिनाच्या मॅन्युअलला लिटरमागे २४.३५ किलोमीटर मिळाले, तर एजीएसला २५.१९. स्विफ्टच्या २०२४ च्या मॉडेलमध्ये हेच आकडे २४.८० आणि २५.७५ आहेत. रस्त्यावर दोन्हींना यापेक्षा कमी मिळतं. समजा, एएमटीला आपल्या हातात लिटरमागे एक किलोमीटर कमीच मिळाला, १८ च्या जागी १७. वर्षाला ८ हजार किलोमीटर गाडी फिरली तर २६ लिटर पेट्रोल जास्त लागेल, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये. अ‍ॅव्हरेजवरून भांडण्यासारखं यात काही नाही.

खरा खर्च पुढे असतो. क्लच प्लेट मॅन्युअलमध्येही झिजते आणि एएमटीमध्येही. कुणाची चाळीस हजार किलोमीटरमध्ये जाते, कुणाची लाख ओलांडते. सगळं चालवण्याच्या सवयीवर. पण एएमटीमध्ये क्लच दाबणारं यंत्र बिघडलं, तर गावातला मेकॅनिक बोनेट उघडून परत लावतो. त्याला कंपनीचं संगणकी उपकरण लागतं आणि पार्ट महाग असतो. त्यामुळे अधिकृत सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे, हे गाडी घेण्याआधी बघायचं. शक्य असेल तर वाढीव वॉरंटी घ्यायची.

आता दुसरी बाजू. ५७ हजार जास्त दिले आणि गाडी दहा वर्षं ठेवली, तर महिन्याला पावणेपाचशे रुपये पडतात. आमच्याकडे एका दिवसाचा ड्रायव्हर हजाराच्या आसपास घेतो. अम्मींच्या तपासणीला, मुलांच्या परीक्षेला, लग्नाकार्याला वर्षातून सहा वेळा जरी ड्रायव्हर बोलावला, तरी हिशेब बरोबरीत येतो. आणि रात्री अडीच वाजता तो मिळत नाही, ते वेगळंच.

घाटात काय होतं?

मामूंचा आक्षेप मी सोडून दिला नाही, कारण त्यात तथ्य आहे. एएमटीला पुढचा रस्ता दिसत नाही. चढावर ती तिसरा टाकते, जोर कमी पडला की दुसरा टाकते, वळण संपलं की पुन्हा तिसरा. ही घालमेल कंटाळवाणी होते. समोरच्या ट्रकला ओलांडायला पाय दिला तर गिअर खाली यायला क्षण-दोन क्षण जातात. अरुंद रस्त्यावर तेवढा वेळही महाग पडू शकतो.

पण यावर उपाय त्या गाडीतच असतो. दांडा ‘डी’वरून ‘एम’वर नेला की गिअर आपल्या हातात येतो. क्लच नाही, फक्त दांडा पुढे-मागे करायचा. घाटात दुसऱ्या गिअरला ‘एम’वर ठेवलं की घालमेल बंद. ओलांडण्याआधीही एक गिअर आधीच खाली आणून ठेवायचा. उतरताना तर हे केलंच पाहिजे. मामू ज्या नियमावर तीस वर्षं ट्रक चालवत आले, तोच नियम इथंही : ज्या गिअरला घाट चढलात, त्याच गिअरला उतरा. नुसत्या ब्रेकवर कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. गाडी न्यूट्रलवर टाकून उतरणं तर मुळीच नको. मॅन्युअल असो वा ऑटोमॅटिक, त्यात पेट्रोल वाचत नाही, जीव मात्र जाऊ शकतो.

चढावर थांबून पुन्हा निघताना एएमटीही मागे घसरू शकते. म्हणून ‘हिल होल्ड’ची सोय असलेलीच गाडी घ्या. ब्रेकवरून पाय काढल्यावर ही सोय साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवते, तेवढ्यात अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. आता काही मॅन्युअल गाड्यांतही ती मिळते. चढावर गाडी थांबवायला मात्र ब्रेक किंवा हॅण्डब्रेकच वापरायचा. अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी लटकवत ठेवली की क्लच प्लेट जळते. गाडीत क्लचचा पेडल नाही म्हणून क्लचही नाही, असं समजणाऱ्यांच्या एएमटी लवकर गॅरेज गाठतात.

पाण्यातून जाताना दोन्ही प्रकारांत पहिला गिअर धरून, न थांबता, एकसारख्या वेगानं जायचं. एएमटीमध्ये तोही ‘एम’वर. चाक चिखलात रुतलं तर पुढे-मागे हेलकावे देऊन गाडी काढणं मॅन्युअलला सोपं जातं. ज्यांच्या घरापर्यंत अजून लाल मातीचाच रस्ता आहे, त्यांनी हे जमेस धरावं.

आधी मॅन्युअलच जमवून बघितलं

गाडी बदलण्याआधी मी एक आग्रह धरला. पन्नास-साठ हजार जास्त घालण्यापेक्षा तो चढच जिंकता येतो का, बघू. मामू रोज सकाळी भाभीला घेऊन बसले. चढावर गाडी उचलण्याची खरी पद्धत ड्रायव्हिंग स्कूलच्या सपाट रस्त्यावर तिला कुणी शिकवलीच नव्हती. हॅण्डब्रेक पूर्ण ओढायचा. पहिला गिअर टाकायचा. अ‍ॅक्सिलरेटर थोडा द्यायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. गाडीचं नाक किंचित वर उचलल्यासारखं होतं आणि इंजिनाचा आवाज जड होतो. तिथंच क्लच थांबवायचा आणि मग हॅण्डब्रेक सोडायचा. गाडी एक इंचही मागे जात नाही.

ज्यांना मॅन्युअल गाडी चढावर घाबरवते, त्यांनी हे पंधरा दिवस मोकळ्या चढावर घोटावं. अनेकांची भीती एवढ्यानंच जाते आणि हजारो रुपये वाचतात.

भाभीलाही जमलं. दहातल्या आठ वेळा. पण मागे एखादा टेम्पो हॉर्न वाजवत आला की डावा पाय थरथरायचा. शिवाय बाळंतपणापासून तिचा डावा गुडघा दुखतो, आणि बाजारपेठेच्या कोंडीत अर्धा तास क्लच दाबला की संध्याकाळी सुजतो. एकदा ती म्हणाली, “शेजारी अम्मी धापा टाकत असताना उरलेल्या दोन वेळांचा भरवसा कोण देणार?” त्यावर मामूंनी पहिल्यांदाच मान हलवली.

कुणाला काय शोभेल?

या सगळ्या खटाटोपातून मला एक उमगलं. आपण गाडी बघायला जातो तेव्हा रंग, टचस्क्रीन, किंमत, अ‍ॅव्हरेज सगळं विचारतो. घरातल्या कुणाच्या हातात ती गाडी असणार, हे विचारत नाही. पैसे देणारा दुबईत किंवा कुवेतमध्ये असतो आणि गाडी त्याच्या सुट्टीपुरती त्याच्या मनासारखी असते. उरलेले अकरा महिने ती झाकून ठेवलेली.

गाडी चालवणारा अनुभवी असेल, गावाकडचे कच्चे रस्ते आणि घाट नेहमीचे असतील, सर्व्हिस सेंटर लांब असेल, सीएनजी हवा असेल किंवा बजेट अगदी ताणलेलं असेल, तर मॅन्युअल घ्या. ती साधी आहे, कुठंही दुरुस्त होते.

मुंब्रा, भिवंडी, पुणे, औरंगाबादसारख्या शहरातल्या कोंडीत रोज तास-दोन तास जात असतील, डाव्या गुडघ्याचं किंवा कंबरेचं दुखणं असेल, उशिरा शिकणारी किंवा चढाला घाबरून गाडी सोडलेली व्यक्ती घरात असेल, तर एएमटी घ्या. बजेट परवानगी देत असेल आणि फिरणं मुख्यतः शहरातच असेल, तर सीव्हीटी. ज्यांच्या डाव्या पायात पोलिओमुळे जोर नाही, त्यांच्यासाठीही क्लच नसलेली गाडी मोठी सोय आहे. परवान्याचे नियम आरटीओत आधी विचारून घ्यावेत. मात्र उजव्या गुडघ्याचं दुखणं ऑटोमॅटिकनं सुटत नाही. ब्रेक त्याच पायानं मारायचा असतो.

तरुण मुलामुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे कारच्या परवान्यात गिअरवाली आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही. तो भेद दुचाकीच्या परवान्यात आहे. पण संयुक्त अरब अमिरातीत आणि ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर फक्त ऑटोमॅटिक चालवण्याचाच परवाना मिळतो. ज्यांना नोकरीसाठी बाहेर जायचंय, डिलिव्हरीची व्हॅन किंवा ट्रक हाती घ्यावा लागू शकतो, त्यांनी मॅन्युअल शिकूनच जावं. घरची गाडी ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल कुणाकडून तरी शिका. माझा भाचा सध्या मामूंच्या जुन्या मॅन्युअलवर शिकतोय आणि रोज ओरडा खातोय.

ऑटोमॅटिक घेतलीच तर

पहिला आठवडा मोकळ्या मैदानात काढा. मॅन्युअलची सवय असलेल्यांचा डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडतो आणि गाडी जागच्या जागी आपटते. डावा पाय बाजूला ठेवायचा आणि त्याला विसरायचं. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायानं. वडीलधाऱ्यांना हे विशेष समजावून सांगा. गाडी लावताना घाईत ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो आणि गाडी थेट भिंतीवर जाते.

सिग्नलला थोडा वेळ थांबायचं तर ‘डी’वरच ब्रेक नीट दाबून ठेवा. ब्रेक अर्धवट सैल ठेवून गाडी सरपटवत राहू नका. जास्त वेळ थांबायचं तर न्यूट्रल आणि हॅण्डब्रेक.

एएमटीमध्ये बहुधा ‘पी’, म्हणजे पार्किंगची जागा नसते. म्हणून हॅण्डब्रेक ओढून, दांडा ‘डी’ किंवा ‘आर’वर ठेवून इंजिन बंद करायचं. गिअर आत अडकून राहतो आणि गाडी घसरत नाही. इंजिन चालू आणि गिअर टाकलेला असताना खाली उतरू नका, मग ते गेट उघडायला का असेना. ब्रेक सुटताच गाडी आपोआप पुढे सरकते. मुलांना चालू गाडीत एकटं ठेवायचं नाही, हे तर सांगायलाच नको.

आणि बॅटरी. मॅन्युअल गाडी चार जणांनी ढकलली की दुसऱ्या गिअरला चालू होते. ऑटोमॅटिक अशी ढकलून चालू करायची नसते. ज्या घरांत गाडी महिनोन् महिने उभी राहते, तिथं हा मोठाच प्रश्न. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं गाडी फिरवा आणि जंप केबल डिकीत ठेवा.

जुनी एएमटी घेणार असाल तर गाडी थंड असताना चालू करा, चढावर दोन-तीनदा थांबवून उचला. थरथर जाणवली, जळका वास आला किंवा इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही असं वाटलं, तर क्लचचा खर्च किमतीतून कापून घ्या नाहीतर गाडी सोडा. सर्व्हिसचे कागद बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

नवी असो वा जुनी, टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सपाट रस्त्यावर उरकू नका. जो चढ तुम्हाला छळतो, त्याच चढावर गाडी आणायला सांगा. आणि जी व्यक्ती रोज चालवणार आहे, तिलाच चालवायला बसवा.

पुढे काय झालं?

आम्ही हेच केलं. विक्रेता आधी कुरकुरला, मग गाडी घेऊन मोहल्ल्यात आला. भाभी बसली, मी शेजारी, मामू मागे. वर पोचून तिनं गाडी थांबवली, डावी-उजवी बघितली, ब्रेक सोडला, पाय दिला. गाडी मागे गेली नाही. दुकानासमोर तेच चार जण बसले होते. या वेळी कुणी हसलं नाही, मात्र मामूंनी मागून जोरात “माशाअल्लाह” म्हटलं.

हिल होल्डवाली एएमटी आली. तक्रारी आहेतच. गिअर बदलताना ती मान हलवते आणि रिव्हर्समध्ये चढावर जरा अडखळते. पहिल्या महिन्यात डावा पाय चुकून ब्रेकवर पडून मुलांच्या हातातला शेवेचा पुडा सीटभर सांडला. पण आता शाळा, बाजार, दवाखाना हे सगळं भाभी करते. गेल्या महिन्यात अम्मींना दाखवायला कराडला गेले तेव्हा कुंभार्ली तिनंच चढवला आणि तिनंच उतरवला, दुसऱ्या गिअरला, ‘एम’वर. मामू शेजारी बसले होते. घाट संपेपर्यंत त्यांचा हात हॅण्डब्रेकवर होता, असं अम्मी सांगतात. मामू ते कबूल करत नाहीत.

आपल्या घरातही कदाचित एखादा परवाना कपाटात पडला असेल. बहिणीचा, सुनेचा, गुडघे दुखू लागलेल्या वडिलांचा. पुढची गाडी बघायला जाल तेव्हा आधी तो बाहेर काढा आणि ज्याचा आहे त्याला सोबत न्या. कुणाला पन्नास हजार जास्त द्यावे लागतील, कुणाचं चढावरच्या पंधरा दिवसांच्या सरावावर भागेल. पण रात्री अडीच वाजता खुंटीवरची किल्ली घेणारं माणूस घरात असलं पाहिजे.